हुरड्यासाठी जर्मनीला

जयप्रकाश पाळंदेच्या सासूबाईंना नेदरलँड्स आवडलं नाही, असं कोणी म्हणू शकलं नसतं. लीलावतीबाई प्रत्येक गोष्टीला "छान आहे" म्हणायच्या. लायडनचे कालवे दाखवले, "छान आहे." द हेगच्या ट्राममध्ये बसवून समुद्रावर नेलं, "छान आहे." ज्याच्या तिकिटांसाठी जयप्रकाशने पहाटे उठून कॉम्प्युटरशी झटापट केली होती, तो पॅरिसचा मनोरा त्यांनी खालून वरपर्यंत एकदा पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे." त्याच आठवड्यात सुचित्राची मुगाची खिचडी बुडाला लागली, तेव्हाही त्या तेच आणि त्याच आवाजात म्हणाल्या. एवढा मोठा लोखंडी मनोरा आणि लागलेली खिचडी एकाच पंगतीत बसलेली पाहून जयप्रकाशच्या मनाला जी जखम झाली, ती काही लवकर भरून येण्यासारखी नव्हती.

जयप्रकाश हा मुळात सहली आखणारा माणूस. लायडन-द हेगच्या मराठी मंडळात त्याला मान होता तो याच गुणामुळे. कुठे थांबायचं, डबा कुठे उघडायचा, स्वच्छतागृह कुठे फुकट आहे हे सगळं तो आधी ठरवून ठेवायचा आणि मग ते तसं घडायचं नाही, तो भाग वेगळा. आखणी मात्र निर्दोष असायची.

पण या वेळी प्रश्न नुसत्या मानाचा नव्हता. सुचित्राचे वडील गेल्यापासून लीलावतीबाई मंगळवेढ्याच्या घरात एकट्याच होत्या. सुचित्रा त्यांची एकुलती एक. आईने दरवर्षी तीन महिने तरी इकडे येऊन राहावं, एवढं एकच तिच्या मनात होतं. तिने ते बोलूनही दाखवलं. लीलावतीबाई शांतपणे म्हणाल्या, "एकदा पाहिलं, झालं की गं. आता पुन्हा कशाला उगं?" सुचित्राने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. जयप्रकाशला बायकोच्या पाठीवरून कळलं की ती रडते आहे. सासूबाईंचं परतीचं विमान पुढच्या आठवड्यातलं होतं. त्याने मनाशी ठरवलं, की जाण्याआधी या बाईच्या तोंडून "छान आहे" सोडून दुसरं वाक्य काढायचंच.

आणि नेमका त्याच संध्याकाळी दिलीपचा फोटो आला.

मंडळाच्या ओळखीतला दिलीप एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधन करायचा आणि संशोधनाला कंटाळला की सायकल काढून सीमेपलीकडे जर्मनीत जायचा. तिकडे सीमा म्हणजे रस्त्याकडेची एक निळी पाटी. पाटी ओलांडली की परदेश. फोटोत दिलीप उभा होता आणि त्याच्यामागे, त्याच्या दुप्पट उंचीची, हिरवीगार, कणसं लागलेली ज्वारी उभी होती. खाली लिहिलं होतं, "ओळखा पाहू!"

जयप्रकाश खुर्चीतून उठला. "हुरडा!" तो ओरडला. "सुचित्रा, जर्मनीत हुरडा!"

इथे जयप्रकाशच्या शेतीज्ञानाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, त्याहून जास्त लागणार नाहीत. तो कोथरूडचा. हुरडा त्याने खाल्ला होता तो शहराबाहेरच्या हुरडा पार्टीत, जिथे माणशी कुपन घेऊन आत जायचं, झोपाळ्यावर बसायचं, फेटा बांधून फोटो काढायचा आणि कुणीतरी द्रोणात आणून दिलेला गरम हुरडा शेवेबरोबर चघळायचा. एवढ्या अनुभवावर त्याने स्वतःला या विषयातला जाणकार ठरवलं होतं.

"अरे, पण आईला विचारू या का आधी?" सुचित्रा म्हणाली.

"विचारून काय सरप्राइज देतात का? मंगळवेढ्याच्या बाईला परदेशात ज्वारीच्या शेतात नेऊन उभं करायचं. पाहा तू, काय बोलतात ते."

"हुरडा थंडीत असतो रे."

"अगं, इथे बाराही महिने थंडीच आहे," जयप्रकाश म्हणाला आणि त्याने दिलीपला फोन लावला.

दिलीपने शेताच्या मालकाला गाठलं. वेसलिंग नावाचा तो शेतकरी म्हणाला, या, पाहा, हवी तेवढी कणसं तोडा, मात्र शेतात विस्तव नको, अंगणात काय ते करा. परवानगी मिळाली. आता राहिल्या गोवऱ्या. हुरडा भाजायचा तो गोवऱ्यांच्या आगटीत, गॅसवर भाजला तर त्याला हुरडा म्हणत नाहीत, हे जयप्रकाशचं ठाम मत होतं. इंडियन स्टोअरमध्ये होमहवनासाठी मिळणाऱ्या गोवऱ्या त्याने पाहिल्या. त्या चहाच्या बिस्किटाएवढ्या होत्या, वर सेलोफेनचा कागद. त्यावर हुरडा सोडा, हुरड्याचा एक दाणाही तापला नसता.

"मी थापीन," जयप्रकाश म्हणाला.

लायडनच्या बाहेर दहा मिनिटं सायकल मारली की गाईच गाई. शेण मिळायला अडचण आली नाही, अडचण आली ती थांबवायला. या देशात शेणाचं करायचं काय हा मोठाच प्रश्न आहे, मंत्र्यांपासून गोठ्यापर्यंत सगळे त्या काळजीत असतात. त्यामुळे "मला थोडं शेण हवंय" असं म्हणणारा, टाय बांधलेला माणूस पाहून त्या शेतकऱ्याचे डोळे पाणावले. त्याने दोन बादल्या भरून दिल्या आणि म्हणाला, ट्रेलर असेल तर घेऊन या, रोज या.

पण डच गाय खाते हिरवं, ओलं गवत, आणि तिचं शेणही त्याच वळणाचं. ते थापायला घेतलं की निथळायला लागायचं. जयप्रकाशने त्यात पेंढा घातला, कणीक घातली, लेकीच्या, म्हणजे जुईच्या, सशाचा भुसा घातला. तेरा वर्षांची जुई दारात उभी राहून पाहत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण ती बोलायची आपल्या सोयीच्या भाषेत.

"पप्पा, धिस इज नॉट नॉर्मल," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने आपल्या खोलीचा पडदा ओढून घेतला.

मागच्या अंगणातल्या शेडच्या भिंतीवर जयप्रकाशने गोवऱ्या थापल्या. ओळीने, एकसारख्या अंतरावर, कारण तो मूळचा इंजिनिअर. थोड्याच वेळात कुंपणावरून शेजारच्या योप आजोबांचं डोकं वर आलं. त्यांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिलं.

"इन्सुलेशन?" त्यांनी विचारलं.

जयप्रकाश हो म्हणाला. काही वेळा हो म्हणणं सोपं असतं.

"सबसिडी मिळते का त्याला?"

ते माहीत नाही म्हटल्यावर योप आजोबांनी मनापासून सल्ला दिला की नगरपालिकेला, म्हणजे खेमेन्टेला, आधी विचारून घ्यावं, भिंतीला काहीही लावायचं तर परवानगी लागू शकते. जयप्रकाश पडला नियमाने चालणारा माणूस. त्याने फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "गाय तुमची आहे का?" गाय त्याची नव्हती. "मग भिंत?" भिंत त्याची होती. त्यांनी त्याला प्राण्यांच्या विभागाकडे दिलं, तिथून बांधकामाकडे, तिथून कचऱ्याकडे. कचऱ्यावाल्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, हिरव्या डब्यात टाका, एका आठवड्याआड गाडी येते. याला परवानगी समजायचं की नकार, यावर जयप्रकाश आणि सुचित्रामध्ये जेवताना मतभेद झाले.

लीलावतीबाई हे सगळं खिडकीतून पाहत होत्या. जावई आपल्या पगाराच्या देशात भिंतीला शेण थापतो आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. जयप्रकाशने उत्साहाने विचारलं, "कशा आहेत, आई?"

"छान आहेत," लीलावतीबाई म्हणाल्या.

मग पाऊस लागला. पाऊस म्हणजे तरी काय, हवेलाच घाम आल्यासारखं इथे होतं, ते दोन दिवस होत राहिलं. निघायच्या आदल्या दिवशी गोवऱ्या भिंतीवरून उतरवल्या तेव्हा त्या वरून गोवऱ्या आणि आतून शेण अशा अवस्थेत होत्या. "गाडीच्या हीटरवर वाळतील," जयप्रकाश म्हणाला. त्याने त्या केळ्यांच्या रिकाम्या खोक्यात रचल्या आणि खोकं गाडीच्या डिकीत ठेवलं. शनिवारी सकाळी लायडनहून निघालेली ती गाडी दोन-अडीच तासांनी एनस्खेडेला पोचली, तेव्हा चारही खिडक्या उघड्या होत्या आणि हीटर पूर्ण जोरात सुरू होता. दिलीप गाडीत बसला, त्याने एक खोल श्वास घेतला आणि लगेच सोडला.

"काका, आपण सायकलने जाऊ या का?" त्याने विचारलं.

सीमा आता दोन मिनिटांवर होती. जयप्रकाश रंगात आला होता. "आई, आता बघा हं. ती निळी पाटी दिसतेय ना, ती आली की जर्मनी. कोणी अडवत नाही, कोणी विचारत नाही. हेच तर युरोपचं वैशिष्ट्य."

पाटीच्या पलीकडे जर्मन पोलिसांची गाडी उभी होती. हल्ली जर्मनीने सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, अधूनमधून, मनात येईल तेव्हा. त्या शनिवारी सकाळी त्यांच्या मनात आलं होतं. एका तरुण पोलिसाने हात दाखवला. काच खाली करायची त्याला विनंती करावी लागली नाही. तो वाकला, आणि जरा मागे सरकला.

पासपोर्ट सगळ्यांचे होते. लीलावतीबाईंनी आपला कमरेच्या बटव्यातून काढून दिला, तो त्या गेले तीन महिने झोपतानासुद्धा जवळ ठेवत होत्या. पोलिसाने व्हिसा पाहिला, मान डोलावली आणि डिकीकडे बोट केलं.

जयप्रकाशला जर्मन येत नव्हतं. दिलीपला येत होतं ते प्रयोगशाळेतलं. उरली जुई. शाळेत तिला जर्मन होतं, पण त्यात हॉटेलात खोली कशी मागायची आणि स्टेशनचा रस्ता कसा विचारायचा, एवढंच आतापर्यंत झालं होतं. पोलिसाने खोक्यावरचा कागद बाजूला केला आणि काहीतरी विचारलं.

"पप्पा, ही आस्क्स व्हॉट इज इट."

"सांग, इंधन आहे. पारंपरिक."

"ते वर्ड मला नाही येत." जुईने क्षणभर विचार केला आणि गाईच्या शीचा तिला माहीत असलेला एकमेव जर्मन शब्द उच्चारला. तो शब्द शाळेत शिकवलेला नव्हता. पोलिसाचा चेहरा हलला नाही, पण त्याने आपल्या वयाने मोठ्या सहकाऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून खोक्यात पाहिलं. मोठ्या पोलिसाने पेनाच्या टोकाने वरची गोवरी दाबली. पेन आत गेलं.

"ते विचारतात, का आणलं," जुई म्हणाली. ती आता लाल झाली होती आणि म्हणून चक्क मराठीत बोलत होती. "ते म्हणतात, आमच्याकडे आहे."

"सांग, जेवण बनवायला."

"पप्पा, मी हे नाही सांगणार."

"सांग गं, खरं तेच सांगतोय आपण."

जुईने सांगितलं. दोघे पोलिस एकमेकांकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते. मग मोठ्या पोलिसाने फोन लावला. डच शेण जर्मनीत न्यायला कागदपत्रं लागतात, टँकरवाल्यांकडे ती असतात, हे दिलीपने हळूच सांगितलं. फोनवर बरीच चर्चा झाली. शेवटी निर्णय असा झाला की माणसांचं स्वागत आहे, खोक्याचं नाही. खोकं आलं तिथे परत.

म्हणून मग मराठी मंडळाचा सहलप्रमुख, केळ्यांचं खोकं छातीशी धरून, पायी पुन्हा नेदरलँड्समध्ये गेला. मागे गाड्यांची छोटी रांग लागली होती आणि रांगेतले लोक त्याच्याकडे पाहत होते. त्याने मान ताठ ठेवली. अशा वेळी मान ताठ ठेवणं सोपं असतं, कारण खाली खोक्याकडे पाहायचं नसतं. डच बाजूला रस्त्याकडेला एका शेतकरीणबाईने भोपळे विकायला मांडले होते. त्याने खोकं दाखवलं. बाईंनी बोट घालून पाहिलं, वास घेतला आणि त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी खोकं ठेवून घेतलं आणि त्याच्या हातात एक भोपळा दिला.

जयप्रकाश भोपळा घेऊन परत जर्मनीत आला. पोलिसांनी भोपळ्याला हरकत घेतली नाही. परीक्षेत भोपळा मिळतो असं आपण नुसतं म्हणतो, पण तो प्रत्यक्ष मांडीवर घेऊन बसण्याची पाळी फार थोड्यांवर येते.

"काय झालं हो?" लीलावतीबाईंनी मागून विचारलं.

"काही नाही, आई. भोपळा घेतला."

"छान आहे," लीलावतीबाई म्हणाल्या.

पण शेत आलं आणि जयप्रकाशचा सगळा शीण गेला. फोटोत होती त्याहून उंच, गर्द ज्वारी रस्त्याच्या वळणापासून क्षितिजापर्यंत उभी होती. सळसळत होती. सुचित्राच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. बांधाच्या जागी मखमलीसारखं कापलेलं गवत होतं आणि त्यावर धिप्पाड अंगाचा, दारातून वाकून जावं लागेल एवढा उंच वेसलिंग हात पुढे करून उभा होता. सीमेवरचा माणूस असल्यामुळे त्याला डच येत होतं. जुईचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा मोकळा झाला.

जयप्रकाशने सासूबाईंसाठी गाडीचं दार उघडलं. स्वेटर, सहावारी आणि पायात जुईचे जुने बूट अशा वेषात लीलावतीबाई उतरल्या. जयप्रकाश त्यांच्या चेहऱ्याकडे डोळे लावून उभा राहिला. त्यांनी ज्वारीकडे पाहिलं, खालून वरपर्यंत. मनोरा पाहिला होता तसंच.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

पण जयप्रकाशने धीर सोडला नाही. हुरडा अजून व्हायचा होता. त्याने एक कणीस ओढून घेतलं, तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. तळहात मोकळा झाला. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. सगळा कोंडा.

वेसलिंग मोठ्या कौतुकाने काहीतरी सांगत होता. जुई भाषांतर करत होती. "ही इज सेइंग, याला दाणे नसतातच फारसे. आय मीन, दे डोन्ट नीड इट. ते सगळं कापून बारीक करतात आणि त्या टँकमध्ये टाकतात." दूर घुमटासारखी हिरवी टाकी दिसत होती. "मग त्याचा गॅस होतो. गावात हीटिंग चालतं त्याच्यावर."

"म्हणजे हे गॅसचं पीक आहे?" जयप्रकाशने विचारलं.

"दिलीप," सुचित्रा म्हणाली, "तू संशोधक आहेस ना रे?"

"माझा विषय पॉलिमर आहे, काकू," दिलीप पडेल आवाजात म्हणाला.

जयप्रकाश गवतावर बसला. त्याला फार वाईट वाटलं, अगदी मनापासून. आपली फजिती झाली याचं तर वाटलंच, ते त्याला नेहमीच वाटायचं, पण आता सासूबाई परवा जाणार, पुन्हा येणार नाहीत, आणि सुचित्रा नळ सोडून भांडी घासत उभी राहणार, याचं त्याहून जास्त वाटलं. त्याने सुचित्राकडे पाहिलं. ती त्याच्याजवळ आली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे रे. तू केलंस ना एवढं." मग तिने वर पाहिलं. "आई कुठे आहे?"

आई नव्हती. गाडीत नव्हती, गाडीमागे नव्हती, गवतावर नव्हती. माणसाच्या दुप्पट उंचीच्या पिकात सत्तरीची बाई दिसेनाशी झाली होती.

"आई!" सुचित्राने हाक मारली. "आजी!" जुई ओरडली. वेसलिंग लांब टांगा टाकत कडेने धावला. जयप्रकाशच्या डोळ्यांसमोरून एकापाठोपाठ एक संस्था गेल्या. वकिलात, विमा कंपनी, विमानवाले, मराठी मंडळ. जर्मनीत सासू हरवली तर तक्रार नेदरलँड्समध्ये करायची की इथे, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. आणि पोलिस म्हणाल तर सकाळचेच भेटणार.

तेवढ्यात आतून कडाड् असा आवाज आला. मग पुन्हा एकदा. जयप्रकाश आवाजाच्या रोखाने पानं बाजूला सारत आत घुसला. चार पावलांवर लीलावतीबाई खाली बसल्या होत्या. पदर खोचलेला, शेजारी मोडून घेतलेल्या ज्वारीच्या ताटांचा ढीग, आणि त्या त्यातला एक धांडा दातांनी सोलत होत्या. साल थुंकली, कांडं मोडलं, तोंडात टाकलं, चावलं. रस हनुवटीवरून ओघळत होता.

"सुचे!" त्या ओरडल्या. तीन महिन्यांत त्यांचा आवाज एवढा मोठा कोणी ऐकला नव्हता. "अगं सुचे, इकडं ये! गोड हाय गं! उसावानी गोड हाय!"

सुचित्रा धावत आली आणि मातीत आईशेजारी बसली. लीलावतीबाईंनी तिच्या हातात कांडं कोंबलं. "लग्न होऊन आले ना, तेव्हा तुझी आजी मला बाहेर पडू द्यायची नाही. तुझे वडील दुपारी शेतातून येताना पेंडीत लपवून धांडे आणायचे. गोठ्यात बसून खायचो दोघं. ते गेल्यापासून मी शेतात पाय ठेवला नाही बघ. एकटीनं कुणाबरोबर खायचं?" एवढं बोलून त्या रडल्या, चावता चावताच. सुचित्राही रडली. आणि नळ सोडायला तिथे नळ नव्हता, हे बरंच झालं.

मग सगळ्यांनी धांडे खाल्ले. जुईने आधी फोटो काढला आणि मग धांडा खाल्ला. वेसलिंग कित्येक वर्षं हे पीक लावत होता, पण ते तोंडात घालावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. घरातल्या गॅसची शेगडी कोणी चाटून पाहत नाही. लीलावतीबाईंनी सोलून दिलेलं कांडं त्याने भीत भीत चावलं, थांबला, आणि लगेच दुसरं मागितलं. त्याची बायको आलुबुखाराचा केक घेऊन आली, तिलाही बसवलं. लीलावतीबाई जुईला मध्ये बसवून त्या दोघांना विचारत होत्या, पेरता कधी, पाणी किती देता, मुलं काय करतात, म्हातारपणी जवळ कोण असतं. शेवटच्या प्रश्नावर वेसलिंगच्या बायकोने त्यांचा हात हातात घेतला.

परतताना गाडीत भोपळ्याशेजारी धांड्यांची मोळी होती. पोलिस तिथेच उभे होते, पण देशाबाहेर जाणाऱ्यांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. तरुण पोलिसाने मोळी पाहिली, जयप्रकाशला ओळखलं आणि सलाम ठोकला.

"मला कल्पना होतीच," हमरस्त्याला लागल्यावर जयप्रकाश म्हणाला. "हुरडा हे निमित्त. मुख्य आखणी धांड्यांचीच होती."

सुचित्रा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लायडनला लख्ख ऊन पडलं. जयप्रकाश चहा घेऊन मागच्या अंगणात आला, तर सासूबाई शेडच्या भिंतीपुढे उभ्या होत्या. भिंतीवर गोवऱ्यांचे गोल डाग ओळीने उमटलेले होते. लीलावतीबाईंनी एका डागावर नख घासलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "एक सांगू का? राग मानू नका."

"सांगा ना, आई."

"गोवऱ्या तुम्ही थापू नका. तुमच्या हाताला ते नाही." त्यांनी भिंतीवर हात टेकून ऊन कुठवर येतं ते पाहिलं. "पुढच्या वर्षी मी थापीन. उन्हाळा लागला की येते, म्हणजे वाळायला सवड मिळंल."

स्वयंपाकघरात सुचित्रा भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

जयप्रकाशचा अपमान झाला होता, सरळसरळ, तोंडावर, आणि तो त्याने चहाच्या एका घोटाबरोबर आनंदाने गिळला. मग त्याने कप कुंपणावर ठेवला आणि त्या भिंतीला टेकून ठेवलेल्या सायकली एकेक करून दुसरीकडे हलवायला सुरुवात केली.